कधी अटक झाली होती का?

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. रविवारच्या दुसऱ्या चहाबरोबर वाचायला तो फार गोड लागणार नाही, पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तेव्हा एकदाचा लिहूनच टाकतो.

प्रश्न साधा आहे. तरुणपणी कधीतरी गांजा ओढलेल्या माणसाला पुढे बंदुकीजवळ, दारूगोळ्याजवळ किंवा सरकारी गुपितांजवळ काम करू द्यावं का? आणि द्यायचं नसेल, तर किती वर्षं? पाच? दहा? की जन्मभर?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. ओढणं चांगलं असं मी अजिबात म्हणत नाही. पण आपली व्यवस्था अशा माणसाला जे विचारते ते चुकीचं विचारते, आणि खरं उत्तर देणाऱ्याला कुठलंच आश्वासन देत नाही. त्यामुळे खोटं बोलायला शिकवणारी चाळणी आपण उभी केली आहे, आणि तिचं नाव मात्र ठेवलं आहे चारित्र्य पडताळणी.

अमेरिकेत याला सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणतात. त्याची लेखी नियमावली आहे, पायऱ्या आहेत, अपील आहे. आपल्याकडे सामान्य उमेदवाराच्या वाट्याला येतो तो साक्षांकन नमुना, म्हणजेच अटेस्टेशन फॉर्म. निमलष्करी दल, रेल्वे सुरक्षा दल, केंद्राची खाती, कुठेही निवड झाली की हा फॉर्म भरायचा. मग तो कलेक्टर किंवा पोलिसांकडे जातो, तिथून ठाण्यात, आणि ठाण्यातला कर्मचारी रजिस्टर किंवा हल्ली कम्प्युटर पाहून शेरा मारतो. फॉर्ममध्ये विचारलेलं असतं : तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर कधी खटला चालला का? कधी दंड झाला का? शिक्षा झाली का? आणि वर ठळक इशारा, खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र.

नीट बघा. "तुम्ही कधी नशा केली का?" असं त्यात कुठेही विचारलेलं नाही.

इथे मी माझ्या गावाकडे येतो. माझं मूळ गाव कुही तालुक्यात. नागपूरहून चाळीसेक किलोमीटर. मिरची, धान, गोसीखुर्दचं पाणी आणि आंभोऱ्याचा संगम, ही आमची ओळख. २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर-नागभीडची छोटी गाडी कुहीवरून जायची, ती रुंदीकरणासाठी बंद झाली. पुण्यात राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना कुही कुठे आहे ते माहीत नसतं, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण एक गोष्ट त्यांनी येऊन पाहावी अशी आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा. अंधारात पोट्टे धावत असतात. दहा, वीस, पंचवीस. पोलीस भरतीला सोळाशे मीटरचे वीस गुण असतात, शंभर मीटरचे पंधरा, गोळाफेकीचे पंधरा. हे आकडे तिथल्या शेंबड्या पोराला पण पाठ. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू शेती आणि समोर नोकरी एकच, वर्दीची. आपण कॅम्पस इंटरव्ह्यूला जसे टाय लावून गेलो, तसे हे लोक बूट घालून रस्त्यावर उतरतात. फरक इतकाच की त्यांना दुसरा कॅम्पस नाही.

त्यातल्याच एका पोराने मला मागच्या वर्षी विचारलेला प्रश्न या लेखाचं मूळ आहे. नाव-गाव सांगत नाही, लांबच्या नात्यातला आहे. नागपूरला कॉलेजात असताना, एकोणीस वर्षांचा असेल तेव्हा, चार मित्र एका मैदानामागे चिलीम ओढताना पोलिसांना सापडले. एनडीपीएस कायद्याचं कलम २७, अमली पदार्थाचं सेवन. कोर्टात उभं राहायच्या आधी कुणीतरी शहाण्याने सल्ला दिला, "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो." पोराने तेच केलं. ट्रॅफिकचं चलान फाडावं तसा दंड भरला आणि संध्याकाळच्या बसने गावी आला. त्याच्या लेखी विषय संपला.

विषय संपला नव्हता. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी. कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलं, इतका सरळ त्याचा अर्थ. हे त्याला कुणी सांगितलं नाही. पुढे तीन वर्षं तो रोज धावला, लेखी परीक्षा पास झाला, मैदान मारलं, मेडिकल झाली, निमलष्करी दलात शिपाई म्हणून निवड झाली. आणि हातात आला तो फॉर्म.

"दादा, ह्या रकान्यात काय लिहू? हो लिहिलं तं नोकरी जाते, नाही लिहिलं तं बी जाते."

मी त्याला म्हटलं, वकिलाला विचारू. आणि त्याच वेळी स्वतःही वाचायला बसलो, कारण आपल्याला सवयच असते ना, एरर आला की आधी डॉक्युमेंटेशन वाचायचं. :-) जे सापडलं ते सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर अनेक निकाल दिले आहेत आणि ते सगळे एकाच दिशेने जात नाहीत. २०११ चा संदीप कुमारचा निकाल मायाळू आहे. दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल पदाच्या या उमेदवाराने मारामारीची जुनी, आपसात मिटलेली केस अर्जात लिहिली नव्हती. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल देताना तरुण वयात माणसाच्या हातून आगळीक होते, तिच्यापायी त्याला आयुष्यभर गुन्हेगार ठरवू नये, असा सूर लावला. आणि चक्क व्हिक्टर ह्युगोच्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली. एका पावासाठी चोर ठरलेला तो माणूस! सरकारी नोकरीच्या निकालात फ्रेंच कादंबरी भेटली की बरं वाटतं.

पण २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सगळे जुने निकाल समोर ठेवून एक यादीच करून दिली. आज पडताळणीचा प्रत्येक वाद या यादीवरून चालतो. साध्या भाषेत तिचा गोषवारा असा. माहिती खरीच द्यायला हवी. माहिती लपवली, पण प्रकरण किरकोळ होतं, लहान वयात घोषणा दिल्या वगैरे, आणि सांगितलं असतं तरी नोकरी मिळाली असती, तर मालकाने, म्हणजे सरकारने, विवेकाने ते सोडून द्यावं. प्रकरण किरकोळ नसेल तर नेमणूक रद्द करता येते. कायम झालेल्या माणसाला काढण्याआधी चौकशी करा. फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, मोघम नको, आणि जे विचारलं तेवढंच सांगणं उमेदवारावर बंधनकारक. इथवर छानच.

यादीतला एक मुद्दा मात्र मी दोनदा वाचला. उमेदवाराने निकाली निघालेली केस स्वतःहून, खरीखरी सांगितली, तरीही त्याचं पूर्वचारित्र्य बघण्याचा हक्क मालकाला आहे, आणि नेमणूक द्याच अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

म्हणजे पोराचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. लपवलं तर जाण्याची शक्यता. सांगितलं तरी जाण्याची शक्यता. २०२२ मध्येच बघा, मे महिन्यात पवन कुमारच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, माहिती लपवली एवढ्यावरून सरसकट काढू नका. सप्टेंबरमध्ये सतीश चंद्र यादवच्या खटल्यात म्हणालं, वर्दीच्या दलात शिस्तीचं माप जास्त कडक असणार. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रवींद्र कुमार नावाच्या कॉन्स्टेबल उमेदवाराला पुन्हा दिलासा. कायद्याच्या अभ्यासकाला यात सुसंगती सापडेलही, पण कुहीच्या पोराला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आपलं प्रकरण कुठल्या कप्प्यात बसतं हे तपासणं परवडत नाही. आपल्या पोराने शेवटी खरं लिहिलं. वकिलाचा सल्लाही तोच होता. काही महिने झाले, अजून होही नाही आणि नाहीही नाही. पोरगा रोज धावतोच आहे.

आता आपल्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे वळू. पुण्या-मुंबईत आयटीत काम करणाऱ्या, वीकएंडला गोव्याला जाणाऱ्या लोकांत गांजा कुणी बघितलाच नाही असं समजायचं असेल तर समजा बापडे. अमली पदार्थांचा देशव्यापी सर्व्हे एम्सने केला, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्या हिशोबाने वर्षभरात गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे सव्वा टक्का, म्हणजे साधारण १ कोटी ३० लाख. भांगवाले धरले तर ३ कोटींच्या पुढे. यातल्या किती जणांना कधी अटक झाली असेल? फ्लॅटच्या बाल्कनीत, दार लावून, ओढणाऱ्याला अटक होत नाही. होते ती मैदानामागे बसलेल्याला, ज्याच्याकडे लावायला दार नाही त्याला. पुढे हे दोघं तोच फॉर्म भरतात. बाल्कनीवाला "नाही" लिहितो, आणि त्याचं "नाही" शंभर टक्के खरं असतं! खोटी माहिती दिल्याचा आरोपही त्याच्यावर येऊ शकत नाही. मैदानवाला अडकतो.

म्हणून मी म्हणतो, ही चाळणी नशा मोजतच नाही. ती पकडलं जाणं मोजते. सुरक्षेच्या दृष्टीने बघितलं तर हा बग आहे, आणि तोही साधासुधा नाही. ज्या धोक्यासाठी फिल्टर लावला, तो धोका फिल्टर बघतच नाही.

पकडल्यावरही गंमत बघा. २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईच्या क्रूझवर एनसीबीचा छापा पडला, तो आठवत असेलच, टीव्हीवर महिनाभर दुसरं काही नव्हतं. एका सुपरस्टारचा मुलगा तीन आठवड्यांहून जास्त कोठडीत होता. मे २०२२ मध्ये एनसीबीने आरोपपत्र दाखल केलं, त्यात पुराव्याअभावी त्याच्यासह सहा जणांची नावं नव्हती. म्हणजे खटलाच नाही. पण समजा त्या सहांपैकी कुणाला उद्या सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचा झाला, तर "कधी अटक झाली होती का?" याला प्रामाणिक उत्तर एकच, "हो". त्याला नोकरीची गरज नसेल. कुहीत अशीच अटक होऊन सुटलेल्याला असते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक ज्याला बुलियन म्हणतो, तसा हा रकाना आहे. हो किंवा नाही. वय किती होतं, किती वर्षं झाली, पदार्थ कुठला, किती होता, परत घडलं का, हे काही नाही. खरं तर एनडीपीएस कायद्याला स्वतःला हा फरक कळतो. कलम २७ मध्ये हेरॉइन, कोकेन, मॉर्फिन वगैरेंच्या सेवनाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे किंवा वीस हजारांपर्यंत दंड, इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा दहा हजार. दोन्ही एकत्रही होऊ शकतात. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, हेरॉइनच्या बाबतीत पाच ग्रॅम. कलम ६४-अ तर म्हणतं की व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालवू नये. अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ सांगतं की त्या दोषसिद्धीमुळे पुढे कुठली अपात्रता येऊ नये. म्हणजे शिक्षा देणारा कायदा माणूस आणि पदार्थ बघून बोलतो, आणि नोकरीचा फॉर्म मात्र "हो की नाही" एवढंच विचारतो. अठरा वर्षं पुरी व्हायला एक दिवस बाकी असेल तर पाटी कोरी, आणि एक दिवस वर झाला तर जन्माचा शिक्का!

त्यात "गुन्हा" म्हणजे काय हेही आपल्याकडे जिल्ह्यानुसार बदलतं. महाशिवरात्रीला घोटली जाणारी भांग एनडीपीएसच्या व्याख्येत बसत नाही, कारण गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं नव्हेत. पानांचं बघायचं राज्याच्या कायद्याने. तेच झाड, तीच नशा, कायदा वेगळा. दारूचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात दारू प्यायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तुमच्यापैकी किती जणांच्या पाकिटात तो आहे? हात वर करा बघू! आमच्या नागपूर जिल्ह्याला लागून वर्धा, तिथे दारूबंदी. दुसऱ्या बाजूला चंद्रपूर, तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे २०१८ साली चंद्रपुरात बाटलीसह सापडलेल्या पोराच्या नावावर केस, आणि २०२२ साली तिथेच दुकानातून तीच बाटली घेणारा सभ्य गिऱ्हाईक. अशा केसवरून चारित्र्य वाचायचं असेल, तर निदान वाचणाऱ्याने चष्मा तरी लावावा.

आता दुसरी बाजू. ती कच्ची नाही, हे कबूल करायलाच हवं.

पोलीस किंवा निमलष्करी जवानाच्या हातात शस्त्र असतं. ठाण्याच्या मुद्देमालात जप्त केलेला गांजा त्याच्याच ताब्यात असतो. नागपूरच्या आसपास भंडाऱ्याची आणि अंबाझरीची आयुध निर्माणी आहे, स्फोटकांचे खासगी कारखाने आहेत. तिथे नशेत आलेला एक माणूस बाकीच्यांचा जीव घेऊ शकतो. शिवाय आज प्रश्न फक्त चिलमीचा राहिलेला नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, छोट्या शहरांत पोचलंय. २०२४ मध्ये पुण्याजवळ कुरकुंभला पोलिसांनी कारखानाच पकडला. अशा दिवसांत "जाऊ दे, पोरं आहेत" असं म्हणणं बेजबाबदारपणा ठरेल. हे सगळं मला मान्य.

पण नीट पाहिलं तर यातला प्रत्येक धोका आजच्या नशेचा आहे. सहा वर्षांपूर्वी ओढलेल्या चिलमीने आज स्फोट होत नाही. आजची नशा शोधायची तर आज तपासा. भरतीच्या वेळी लघवीची चाचणी करा, नोकरीत असताना अचानक करा. अमेरिकी क्लायंटच्या काही प्रोजेक्टवर जाताना आपल्यातल्या कित्येकांनी ती दिली आहे, त्यात अपमान वगैरे काही नाही. ते सोडून आपण जुनं रजिस्टर चाळतो, कारण ते सोपं आणि फुकट आहे.

आणि गुपितांचं म्हणाल, तर गुपित फुटतं कशामुळे? मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली. आरोप हनी ट्रॅपचा, पाकिस्तानी हस्तकाला माहिती पुरवल्याचा. त्यात गांजाचा काही संबंध नव्हता. दशकांची नोकरी, सगळ्या पडताळण्या पार. त्या खटल्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल, पण सापळ्याची रीत जुनीच आहे : माणसाजवळ असं काहीतरी हवं जे त्याला लपवावंसं वाटतं. जे उघड सांगून झालंय, त्यावरून कुणी कुणाला धमकावू शकत नाही. मग विचार करा, खरं सांगणाऱ्याला आश्वासन न देणारी पद्धत काय तयार करते? लपवणारी माणसं. वर्दीत, बंदुकीसकट, पोटात एक भीती घेऊन फिरणारी. शत्रूला याहून सोयीचं काय हवं?

अमेरिकेने हे थोडंफार ओळखलंय. त्यांच्या क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये, एसएफ-८६ मध्ये, सरळ विचारतात : गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलेत का? कुठला, किती वेळा, शेवटचा कधी? पकडले गेलात का हा प्रश्न वेगळा. २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत अमली पदार्थांचं स्वतंत्र कलम आहे, आणि काय बघून माफ करायचं तेही त्यातच लिहिलंय : किती काळ लोटला, संगत बदलली का, आणि "पुन्हा घेतलं तर क्लिअरन्स रद्द करा" असं सही करून द्यायला तयार आहात का. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या गुप्तचर प्रमुखांच्या कार्यालयाने स्पष्ट केलं की पूर्वी गांजा घेतला होता एवढ्यावरच निर्णय होऊ नये. सध्या घेणाऱ्याला मात्र २००८ च्या कायद्याने दार बंद. खोटं बोललात तर तो वेगळा गुन्हा.

यामागे नुसती दया नव्हती, गरज होती. २०१४ मध्ये एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी जाहीरपणे म्हणाले होते की आम्हाला हॅकरांशी लढायला चांगले प्रोग्रॅमर हवेत, आणि त्यातले काही इंटरव्ह्यूला येता येताही गांजा ओढू बघतात. तेव्हा त्यांच्याकडे तीन वर्षं गांजापासून दूर असण्याची अट होती. २०२१ मध्ये ती एक वर्षावर आली. आपल्या धंद्याने एफबीआयला वाकवलं म्हणायचं. :-)

पण तिथेही सत्य सगळ्यांना सारख्याच भावात मिळत नाही, बरं का. क्लिअरन्स नागरिकांसाठी असतो. आपण जातो ते व्हिसावर. कॅलिफोर्नियात दुकानात उघड गांजा मिळतो, म्हणून ऑनसाइट गेलेला आपला मित्र बेफिकीर होतो. पण संघीय कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे, आणि परक्या देशाच्या माणसाने नुसतं कबूल केलं, अटक नाही, केस नाही, तरी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड अडकू शकतं. २०१९ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने नागरिकत्वाच्या अर्जांबाबतही हेच बजावलं होतं, राज्यात कायदेशीर असलं तरी. म्हणजे तिथे जन्मलेल्या मराठी पोराला खरं सांगून क्लिअरन्स मिळू शकतो, आणि त्याच्या एच-१बीवाल्या चुलतभावाला तेच सत्य महागात पडतं. तेव्हा अमेरिकेचं सगळं उचलू नका. एवढंच उचला की नियम आधी लिहून ठेवलेला असावा.

मला काय हवंय ते मुद्द्यात सांगतो.

एक. फॉर्ममधले प्रश्न वेगळे करा. अटक, आरोपपत्र, निर्दोष सुटका, दंड, कैद, प्रत्येकाला स्वतंत्र रकाना, आणि सोबत वय, वर्ष, कलम, प्रमाण. दोष नसताना झालेली अटक आणि सिद्ध झालेला गुन्हा एका ओळीत नकोत.

दोन. मुदत जाहीर करा. उदाहरणार्थ, एकवीसच्या आत, अल्प प्रमाण, फक्त सेवन, पुढे पाच वर्षं काही नाही, तर एवढ्याच कारणाने नाकारायचं नाही. आकड्यांवर वाद घालू, पण आकडा असू द्या. विक्री, साठा, पुरवठा यांना ही सवलत अजिबात नको.

तीन. खऱ्याला किंमत द्या. ज्याने स्वतःहून सांगितलं त्याला नाकारायचं असेल, तर ठराविक दिवसांत, लेखी, कारणांसह. ज्याने लपवलं त्याला खुशाल बाहेर काढा. तेव्हा मी त्याची बाजू घेणार नाही. पण आधी खरं बोलायची वाट मोकळी करा, मग खोट्याला शिक्षा द्या. आत्ता उलटं चाललंय.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे? बरंच. आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या गावी असेच पोट्टे पहाटे धावतात. दिवाळीत गावी जाल तेव्हा त्यांना पॅकेज सांगण्याऐवजी या चार गोष्टी सांगा. पहिली, नशेपासून लांब राहा, कारण तुमच्याकडे लावायला दार नाही आणि कायदा दार बघून ठोठावतो. दुसरी, कधी अडकलातच तर "दंड भर आणि सुट" हा सल्ला वकिलाला विचारल्याशिवाय ऐकू नका, तो दंड आयुष्यभर सोबत राहतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला, कमी उत्पन्नवाल्याला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळणं हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नाही. तिसरी, निकालाची प्रत जपून ठेवा. चौथी, फॉर्म आला की जे विचारलंय ते खरं लिहा. नाही लिहिलं तर आज ना उद्या कम्प्युटर सांगणारच आहे. देशभरातली ठाणी आता एका जाळ्यात आहेत, मैदानामागची संध्याकाळ त्या सर्व्हरवर अजून जशीच्या तशी आहे. माणूस बदलतो, डेटाबेस आपोआप बदलत नाही. तो बदलायचा की नाही हे कुणीतरी माणसानेच ठरवावं लागतं.

आणि हो, हे वाचून "पण नियम म्हणजे नियम" असं तुमच्या मनात आलं असेल, तर हरकत नाही. फक्त आधी पाकिटात दारूचा परवाना आहे का तेवढं बघून घ्या. मग निवांत वाद घालू.